आत गेलेला धूर

१

सकाळी जाग आली की साहेबराव आधी चष्मा चाचपत नसत. आधी कान द्यायचे. पलीकडच्या खाटेवर केशरबाईंचा श्वास चालू आहे ना, कसा चालू आहे, हे ऐकून झालं की मगच त्यांचा दिवस सुरू व्हायचा. तो श्वास त्यांना पाठ होता. आत जाताना बारीक शीळ. बाहेर येताना मध्येच एक गाठ अडकल्यासारखा क्षणभर थांबणार, आणि मग उरलेला एकदम सुटणार. दम्याचा श्वास. अर्धा संसार त्यांनी या शिळेच्या सोबतीने केला होता.

जालन्यात रसायनशास्त्र शिकवण्यात साहेबरावांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर ते आपल्या गावी, टेंभुर्णीला परतले आणि जाफ्राबाद रस्त्याच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिले. जास्त शिकलं की माणसाचा स्वतःवरचा भरवसा वाढतो म्हणतात. साहेबरावांचं उलटं झालं होतं. कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, चार पावलं गेल्यावर पुन्हा येऊन ओढायचे. पीएच.डी.चा प्रबंध छापून कित्येक वर्षं झाली, तरी त्यातला एखादा आकडा चुकला असेल अशी भीती त्यांना अजून वाटायची.

त्या भादव्यात झड लागली होती. सूर्य नावाला दिसत नव्हता. केशरबाई तापातून उठल्या होत्या खऱ्या, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. भाकरीचा तुकडा तोंडात घोळवून त्या हळूच पदरात काढून टाकायच्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. डॉक्टरांनी साहेबरावांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सर, पोटात काही गेलं नाही, तर माझ्या औषधांचा काही उपयोग नाही."

"काय खावंसं वाटतं ते तरी सांग," साहेबराव रोज विचारायचे. एका सकाळी उत्तर आलं.

"चान्या."

"काय?"

"चान्या हो. प्रोफेसर झाल्यावर इसरले का? माझ्या मायच्या हातच्या. चुलीवरच्या दोरीच्या, धुरातल्या."

विसरतील कसे? मटणाच्या लांब लांब पट्ट्या कापायच्या, मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर उन्हात वाळत घालायच्या, त्या चान्या. झडीत ऊन नसलं की केशरबाईंची आई पिंपळगाव रेणुकाईच्या घरात तीच दोरी चुलीच्या वर बांधायची. धुरात काळ्या-तांबूस झालेल्या त्या पट्ट्या निखाऱ्यावर भाजल्या की वास साऱ्या गल्लीत फिरायचा. पुढे जालन्याच्या कॉलनीत चान्या झाल्या नाहीत. दोरीवर काय वाळतंय हे शेजारचे बघणार. तिथं सोय नव्हती असं साहेबराव म्हणायचे. सोय म्हणजे धीर.

आता धीर होता, ऊन नव्हतं. आणि धूर केला तर ज्या बाईसाठी करायचा, तिचाच जीव जायचा.

२

परसात पत्र्याच्या छपराखाली त्यांचा पहिला फ्रिज पडून होता. गोल खांद्यांचा, पांढरा, तिजोरीसारखा जड. दाराला खटक्याची मूठ होती. दार लावलं की 'खट्' असा आवाज व्हायचा आणि बाहेरून मूठ ओढल्याशिवाय ते उघडायचं नाही. तो बंद पडला त्याला जमाना झाला होता, पण केशरबाईंनी भंगारात जाऊ दिला नव्हता. "माझ्या घरातली पहिली पांढरी वस्तू हाये ती," असं म्हणायच्या आणि त्यात गोधड्या ठेवायच्या.

साहेबरावांनी कागदावर आकृती काढली, खोडली, पुन्हा काढली. विस्तव पेटीत नकोच. तो बाहेर, तेलाच्या डब्यात. डब्यातून एक नळी फ्रिजच्या बुडात. वरून दुसरी नळी, उंच, छपराबाहेर, घराच्या उलट्या दिशेला. धूर खालून शिरेल, मांसाभोवती फिरेल आणि शेतांवर निघून जाईल. केशरबाईंच्या नाकाला कळणारसुद्धा नाही.

काम मच्छिंद्रने केलं. बाजारात त्याचं पत्र्याचं दुकान होतं. कणग्या, पन्हळी, कोठ्या बनवायचा आणि हाताबरोबर तोंडही चालवायचा.

"सर, दुनिया फ्रिजात मटण गार करून राह्यली, अन् तुम्ही त्याच्यात जाळ करता?"

"जाळ नाही मच्छिंद्र. नुसता धूर."

"बराबर. म्हंजे फ्रिजला बिडी पाजायची."

त्याने मागचं यंत्र सोडवून काढलं, आतला बर्फाचा कप्पा उपटला, जाळ्या काढून आडवे गज बसवले. आतले पांढरे पत्रे साहेबरावांनी स्वतः सोड्याने धुतले, कोरड्या फडक्याने पुसले आणि पुन्हा पुसले. मच्छिंद्रने दारापाशी उभं राहून आत डोकं घातलं आणि "ओ सर!" अशी हाक मारली. आवाज आतल्या आत दबला.

"बिलकुल घुमत न्हाई," तो डोकं बाहेर काढत म्हणाला. "रिकाम्या पेटीत घुमाया पाह्यजे ना हो? भरल्या घरावानी वाटून राह्यलं."

"पत्र्यांच्या मागे काचेची लोकर भरलेली असते. ती आवाज शोषते," साहेबराव म्हणाले. हे खरंच होतं.

३

रखमाजी खाटकाकडून बोकडाचं मटण आणलं. केशरबाईंनी खाटेवर बसूनच, तोंडावर पदर धरून, पट्ट्या कशा कापायच्या ते सांगितलं. "आडवी नका कापू हो, धाग्याच्या दिशेनं. जावई केला प्रोफेसर, त्याला मटण कापता येईना!" उजवा खांदा आखडल्यापासून त्यांचा हात वर जात नसे, म्हणून अंबाडा नेहमी डाव्या कानाकडे झुकलेला असायचा. हसल्या की तो हलायचा. कित्येक दिवसांनी तो हलला.

दुपारच्या सुमारास साहेबरावांनी डब्यात बाभळीचे ढलपे पेटवले आणि वर ओलसर भुसा टाकला. मागचं दार त्यांनी आधीच ओढून घेतलं होतं. जाड पांढरा धूर उठला, वळला आणि नळीच्या तोंडात शिरला. ओढ चांगली होती. इतकी चांगली की डब्यावर धरलेला कागद हातातून सुटून नळीला चिकटला.

साहेबराव अंगणात जाऊन वरच्या नळीकडे बघत उभे राहिले. मच्छिंद्रही आला होता, आपलं काम बघायला.

नळीतून काही निघेना.

"भरायला वेळ लागेल," साहेबराव म्हणाले.

वेळ गेला. मच्छिंद्रने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली. खाली धूर घसाघसा आत जात होता. वर नुसतं भुरकट आभाळ होतं.

साहेबरावांनी उदबत्ती पेटवून दाराच्या रबराभोवती फिरवली. फट असती तर तिचा धूर हलला असता. तो सरळ वर गेला. वरच्या नळीत काठी घातली, मोकळी. मागच्या पत्र्यावर हात फिरवला. कुठं भोक नाही. शेवटी मूठ ओढून त्यांनी दार उघडलं आणि धूर अंगावर येईल म्हणून तोंड फिरवलं.

धूर आला नाही. आत हवा नितळ होती. गजांवर पट्ट्या लोंबत होत्या, लालसर, ओल्या, जशा टांगल्या तशा. आणि खाली, बुडातल्या भोकातून, धूर आत येतच होता. वीतभर वर चढायचा आणि संपायचा.

"सर," मच्छिंद्र म्हणाला, "हे तर धूर खाऊन राह्यलं."

दोघेही हसले. हसू लवकर आटपलं. मच्छिंद्रने पिशवी उचलली आणि चहा न घेताच गेला.

थंड पत्र्यावर धूर बसतो, साहेबरावांनी स्वतःला समजावलं. पत्रे ओले असतील, पेटी जड आहे, तापायला वेळ लागतो. पहिल्या प्रयोगात असं होतंच.

४

विस्तव विझला. डब्यातली राख त्यांनी बोटाने चाचपली, गार. केशरबाई आत झोपल्या होत्या. रस्त्यावरून जाफ्राबादची एस.टी. गेली आणि मग काहीच आवाज उरला नाही.

साहेबराव परसातल्या दगडावर बसले होते. त्यांनी सहज वर पाहिलं. वरच्या नळीतून धूर येत होता.

सलग येत नव्हता. एक फुंकर यायची, मध्येच थांबायची, आणि मग उरलेला धूर एकदम सुटायचा. थोडा वेळ काही नाही. पुन्हा फुंकर. थांबणं. सुटणं.

त्यांना ते कळायला वेळ लागला नाही. उलट, कळलं ते इतक्या लवकर, की आपल्याच कळण्यावर त्यांचा विश्वास बसेना. चपला न घालताच ते खिडकीपाशी गेले. केशरबाई कुशीवर झोपल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. पाठ हलत होती. फुगायची, बसता बसता अडायची, मग बसायची.

साहेबराव एकदा पाठीकडे बघत होते, एकदा नळीकडे. दोन्हींत अंतर नव्हतं.

'तुला जगात एकच ताल पाठ आहे,' त्यांनी मनाला बजावलं. 'मग तो तुला सगळीकडे दिसणारच.' हा युक्तिवाद चांगला होता. तो त्यांनी मनात पुन्हा एकदा म्हटला आणि घरात जाऊन दार ओढून बघितलं. लागलेलं होतं.

५

चान्या मात्र झाल्या. दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा त्या तांबूस-काळ्या, वाळलेल्या होत्या, आणि वास असा, की साहेबरावांच्या तोंडाला पाणी सुटलं. केशरबाईंनी निखाऱ्यावर भाजलेली पट्टी दातांनी ओढून तोडली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मायचीच." मग भाकरी मागितली. मग अजून अर्धी.

साहेबराव रोज नव्या पट्ट्या टांगून धूर देत राहिले. चार-आठ दिवसांत केशरबाई परसापर्यंत चालायला लागल्या. दम्याचा पंप उशाखालीच राहू लागला. आणि एका सकाळी साहेबरावांनी जागं होऊन कान दिला, तर ऐकू काही येईना. ते धडपडत उठले. केशरबाई टक्क जाग्या होत्या, वर बघत.

"काय झालं हो? भूत बघितल्यावानी काय बघता?"

"तुझी शीळ..."

"गेली ती. हलकं वाटून राह्यलं. माझं वझं कुणीतरी उचलल्यावानी."

साहेबरावांनी आनंद मानला. पण ढलपे ओले निघून एकदा विस्तव बसला, तर दुपारी शीळ परत आली होती आणि ओठ निळे झाले होते. त्यांनी रॉकेल ओतून डबा पेटवला. धूर आत गेला आणि केशरबाईंना घोटभर पाण्याबरोबर आराम पडला. तेव्हापासून साहेबरावांनी विस्तव विझू दिला नाही. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे त्यांनी वर्गात जन्मभर सांगितलं होतं. तेच वाक्य घोकत ते पहाटे उठून भुसा टाकायचे.

शेजारची चतुराबाई पुढच्या ओट्यावर गप्पांना येऊ लागली. एकदा तिने केशरबाईंच्या पाठीवर हात झाडला. "आक्का, ही काजळी कुठली गं? चुलीला टेकून बसली व्हती का?"

"मी कशाला चुलीला जाते? तेच करतेत सारं."

साहेबरावांनी पाहिलं. पोलक्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, काळं. हात लावला तर बोटं तेलकट झाली. धुराची काजळी. आणि धूर सुरू झाल्यापासून केशरबाईंनी त्या पेटीला बोटही लावलं नव्हतं.

शंका बाळगण्यापेक्षा तपासून बघावं. साहेबरावांना दुसरं काही शिकवलंच नव्हतं. एखाद्या गोष्टीमुळे काही होतं का हे बघायचं, तर ती गोष्ट तेवढी काढून घ्यायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. इतकं सोपं. दुसऱ्या कुणा नवऱ्याच्या हे डोक्यातही आलं नसतं.

परसात उभं राहिलं की स्वयंपाकघराच्या खिडकीतून, उघड्या पुढच्या दारातून, थेट ओटा दिसायचा. दोघी तिथं तांदूळ निवडत होत्या. साहेबराव स्टुलावर चढले. एका हातात भिजवलेल्या गोणपाटाचा बोळा होता. केशरबाईंचा आवाज खणखणीत येत होता.

"लग्न झाल्यावर पह्यल्यांदा आमच्या घरी आले हे. मायनं हातपाय धुवाया पाणी दिलं, पाट मांडला, तांब्या भरून ठिवला. अन् हा बाबा तांब्याकडं बघून मायला..."

साहेबरावांनी बोळा वरच्या नळीच्या तोंडात कोंबला.

केशरबाईंचं तोंड उघडंच राहिलं. हात हवेत होता, तांदळाचे दाणे बोटांतून सुटत होते. डोळे उघडे, पापणी हलेना. चतुराबाई हसायच्या तयारीत होती. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच ताणून राहिलं, मग हळूहळू उतरलं. "आक्का? ये आक्का?" तिने खांदा हलवला. केशरबाई हलवल्या तेवढ्याच हलल्या.

हाताखालची नळी फुगल्यासारखी साहेबरावांना वाटली. कुणीतरी आतून रेटत होतं. त्यांनी बोळा उपसला. गरम धूर तळहाताला चाटून गेला. फुंकर, गाठ, सुटका.

"...म्हणला, पाणी उकळलं का?" केशरबाईंनी वाक्य पुरं केलं आणि खळखळून हसल्या.

"मधीच थांबली का गं? जीव घाबरा केला ना माझा!"

"मी कुठं थांबले? बोलतच तर व्हते."

साहेबराव स्टुलावरून उतरले ते बसतच. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही. प्रयोग पुन्हा करावा लागतो. त्यांनी तो बोळा विस्तवात घातला आणि जळून संपेपर्यंत बघत राहिले.

६

झड उघडली. ऊन असं पडलं की रस्त्यावरचा मुरूम डोळ्यांत खुपायला लागला. साहेबरावांनी त्या दिवसानंतर पेटीचं दार उघडलं नव्हतं. आत शेवटच्या टांगलेल्या चान्या तशाच होत्या. डब्यात लाकूड घालायचं, नळीकडे बघायचं, एवढंच. जेवतानाही त्यांची नजर परसाकडे असायची.

"आता बंद करा ती पेटी," केशरबाई म्हणाल्या. "ऊन पडलंय. दोरी बांधा, उन्हात घालू चान्या. कोण बघतं ते बघू दे."

"उद्या करू."

"रोज उद्या उद्या करून राह्यले. डोळे बघा तुमचे, गुंजेवानी झालेत. जल्दी मरायचंय का धुरात? अन् मला झोपेत बी वास येतो त्याचा. कोंडल्यावानी होतं." त्यांनी तांब्या उचलला. "थांबा, मीच ओतते पाणी."

"नको!"

तांब्या त्यांच्या हातातून साहेबरावांनी इतक्या जोरात ओढला की पाणी दोघांच्या अंगावर सांडलं.

"मी करतो," साहेबराव खालच्या आवाजात म्हणाले. "तू इथंच बस. ओट्यावर, उन्हात. उठू नको."

त्या पुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या. साहेबराव परसात आले आणि मागचं दार त्यांनी घट्ट ओढून घेतलं. खिडकीही लावली. तांब्या खाली ठेवला. पाणी ओतायचं नव्हतंच. पण रोज विस्तव घालायचा तो कशासाठी, हे न बघता माणसाने किती दिवस काढायचे? कदाचित आत नुसत्या चान्या असतील. कदाचित हा सगळा त्यांच्या म्हाताऱ्या डोक्याचा खेळ असेल, आणि मग तांब्या जवळच होता.

त्यांनी मूठ ओढली.

धूर होता. बाहेर लोटला नाही. दाराच्या चौकटीत ताठ उभा राहिला आणि मग आतल्या आत, हळूहळू, बाजूला झाला. चान्या काळ्या होऊन लोंबत होत्या. पत्रे, जे त्यांनी सोड्याने पांढरेफेक धुतले होते, ते काजळीने काळेकुट्ट झाले होते. वर, खाली, दोन्ही बाजूंनी. फक्त मागच्या पत्र्यावर एक जागा पांढरी राहिली होती.

तिथं काजळी धरली नव्हती; जणू कुणीतरी सतत टेकून बसलेलं असावं. खाली रुंद, वर निमुळती. पाठ. छत ठेंगणं म्हणून मान थोडी वाकवलेली. मानेच्या वर डोक्याएवढा गोल, आणि त्या गोलाला लागून, डाव्या कानाच्या बाजूला झुकलेला, आणखी एक लहान गोल.

साहेबरावांनी श्वास रोखला. पेटीतून मात्र तो येतच राहिला.

"अहो!" पुढच्या ओट्यावरून केशरबाईंची हाक आली, बंद खिडकीपलीकडून, दोन भिंतींपलीकडून. "दार लावा हो कुठलं ते! पाठीला गार वारा लागून राह्यलाय."

त्यांचे हात त्यांना न विचारताच पुढे झाले. दार फिरलं. रबर चिकटलं. खट्.

परसात ऊन रखरखत होतं. पत्र्यावरची चिमणी उडाली, तिची सावली जमिनीवरून ठळक सरकत गेली.

"अहो," पुन्हा हाक आली. या खेपेला आवाज ओट्यावरून नाही, अगदी जवळून आला, दबका, मुळीच न घुमणारा. "एवढ्या उन्हाचा एकदम अंधार कसा काय केला?"

साहेबरावांचा हात मुठीवर तसाच होता. पायापाशी डब्यातला विस्तव बसत चालला होता. बाभळीचा ढीग परसाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि मूठ सोडल्याशिवाय तिथवर हात पोचणार नव्हता.